‘पाणी प्या’ म्हणण्याआधी संडासाची कडी बघा

प्रति,
सोलापूर शहरातील सर्व माध्यमांच्या शाळांचे मुख्याध्यापक व शालेय व्यवस्थापन समित्या,
यंत्रमाग, गारमेंट व विडी कारखान्यांचे मालक आणि व्यवस्थापक,
तसेच मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका

विषय : उन्हाळ्यापूर्वी पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि सुट्टीची मिनिटे यांचा हिशेब लावण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

७ एप्रिलला जागतिक आरोग्य दिन येतो, २१ जूनला योग दिन. शाळांत प्रभातफेऱ्या निघतात, कारखान्यांत शिबिरे भरतात. रक्तदाब बघितला जातो, बोटाला टोचून साखर तपासली जाते, फोटो निघतात आणि जाता जाता सगळ्यांना ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगितले जाते. सल्ला खरा आहे. मात्र ज्याला तो दिला जातो त्याच्या हातात त्यातले फार थोडे असते. पाणी प्यायले की जावे लागते. जायला जागा नसते, जागा असली तर कडी नसते, कडी असली तर पाणी नसते, आणि हे सगळे असले तरी ‘आत्ताच का?’ म्हणणारे कोणीतरी असते. म्हणून शाळेतली मुलगी सकाळी दोन घोट पिऊन निघते आणि दुपारी घरी येईपर्यंत बाटलीला हात लावत नाही. शिलाई मशीनवरची बाई जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबते. घरात विड्या वळणारी तर उठतच नाही.

हे अज्ञान नव्हे. आपापल्या परिस्थितीचा त्यांनी लावलेला तो बरोबर हिशेब आहे. तो बदलायचा असेल तर परिस्थिती बदलावी लागेल, आणि ती आपल्या हातात आहे. म्हणून हे पत्र त्यांना नाही, आपल्याला आहे.

आधी शरीराचे थोडे. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण ३०० मिलिलिटर लघवी मावते. वय अधिक दोन, गुणिले तीस, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब आहे. मोठ्या माणसात ही क्षमता ४०० ते ५०० मिलिलिटर असते. लघवी वारंवार दाबून धरली की मूत्राशय पूर्ण रिकामे न करण्याची सवय लागते, आणि उरलेल्या लघवीत जंतूंना वाढायला वेळ मिळतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषांचा त्याच्या जवळपास पाचपट. त्यामुळे जंतुसंसर्गाचा पहिला फटका मुलींना आणि बायकांना बसतो. पाणी कमी पडल्याने शौच कडक झाले तर ते आतून मूत्राशयावर दाब देते. मग दिवसा थेंब-थेंब गळणे किंवा बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, अशा तक्रारी येतात. मूल आळशी आहे म्हणून हे होत नाही. मुतखड्याचेही कारण याच रांगेतले : लघवी कमी आणि दाट झाली की कॅल्शियम, ऑक्झलेट, यूरिक आम्ल यांचे स्फटिक जमतात. ज्यांना एकदा खडा झाला आहे त्यांनी रोज दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असे सांगितले जाते. (खडा पाडायला बिअर हा गावोगावचा सल्ला मात्र कृपा करून शिबिरात देऊ नका.)

उष्ण जागेत अंगमेहनत करणाऱ्याचा घाम तासाला एक लिटरपर्यंत जाऊ शकतो. साठ किलोच्या माणसाच्या शरीरातून सव्वा लिटर पाणी कमी झाले, म्हणजे वजनाच्या दोन टक्के, की दम आणि एकाग्रता दोन्ही घसरतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याखाली काय होत असेल ते आपण जाणता.

आता शाळा. चारशे मुलांची शाळा धरा, चार नळ आणि दहा मिनिटांची छोटी सुट्टी. एका मुलाला पुढे सरकून पेला भरायला, प्यायला आणि बाजूला व्हायला पंचवीस-तीस सेकंद लागतात. दहा मिनिटांत एका नळावर वीस ते चोवीस मुले होतात, चार नळांवर शंभरसुद्धा नाही. उरलेली तीनशे मुले तहानलेली वर्गात जातात आणि त्यात कोणाचा दोष दिसत नाही, कारण नळ तर चालू होते. मुलींच्या संडासाचे गणित याहून वाईट. केंद्र सरकारच्या ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेचा निकष चाळीस विद्यार्थ्यांमागे एक संडास असा आहे. दोनशे मुलींना पाच. निकष पूर्ण केला तरी एका मुलीला दीड-दोन मिनिटे धरल्यास दहा मिनिटांत पंचवीस ते तीस मुली होतात. म्हणजे कागदोपत्री शाळा पास, आणि दोनशेतल्या पावणेदोनशे मुली तशाच.

यावर आणखी संडास बांधणे हा एकच इलाज नाही. सगळ्यांना एकाच घंटेला सोडणे हे मूळ दुखणे आहे. छोटी सुट्टी इयत्तावार वाटून द्या : पहिली-दुसरीला एक वेळ, तिसरी-चौथीला दहा मिनिटांनी पुढची, असे. वेळापत्रक करणाऱ्या बाईंची एक संध्याकाळ जाईल, खर्च शून्य. त्याच्या जोडीला ‘तास चालू असताना जायचे नाही’ हा नियम काढून टाका. फळ्याशेजारी दोन लाकडी पट्ट्या टांगा, एक मुलींची, एक मुलांची. पट्टी घेऊन जायचे, आल्यावर जागेवर लावायची. करंगळी वर करून चाळीस जणांसमोर परवानगी मागायची वेळ कोणावर येऊ नये, निदान सातवी-आठवीच्या मुलीवर तरी. वर्ग रिकामा होईल ही भीती पहिल्या आठवड्यात खरी ठरते, कारण नव्याची नवलाई असते. नंतर ती ओसरते. जे मूल त्यानंतरही दर अर्ध्या तासाला जाते, त्याला रागावू नका, पालकांना बोलवा. लघवीचा जंतुसंसर्ग असू शकतो. आणि सोबत सारखी तहान, वजन उतरणे, मरगळ असेल तर मुलांमधला मधुमेह असू शकतो. त्यात दिवस घालवणे जिवावर बेतते.

पाण्याची घंटा केरळच्या शाळांनी २०१९ मध्ये सुरू केली आणि मग ती इतर राज्यांतही गेली. कल्पना चांगली आहे. पण पाण्याच्या घंटेनंतर तासाभराने लघवीचीही सोय लागते, हे लक्षात न घेता नुसती घंटा वाजवली तर मुली त्या घंटेला ओठ ओले करतात आणि बाटली बंद करतात. शाळेच्या पाच-सहा तासांत प्राथमिकच्या मुलाच्या पोटात निदान अर्धा लिटर, मोठ्या मुलांच्या पाऊण ते एक लिटर पाणी जावे. उन्हाळ्यात आणि खेळाच्या तासाला त्याहून जास्त. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असेल तर पाणी लागणारच, ती कोरडी घशाखाली उतरत नाही.

नळांची संख्या वाढवणे फार महाग नाही. भिंतीलगत आडवा पाइप टाकून दीड-दीड फुटावर नळ बसवा. पाइप किमान एक इंची घ्या. अर्धा इंची पाइपला दहा नळ लावले तर सगळे एकदम उघडल्यावर शेवटच्या तिघांतून नुसती धार गळते आणि मुले पहिल्या नळावर ढकलाढकली करतात. लहानांच्या नळाची उंची दोन ते अडीच फूट. खाली जाळी आणि उताराची नाली, नाहीतर महिन्याभरात शेवाळ धरून एखादे मूल घसरते.

स्वच्छतागृहांना कुलूप का असते, हेही सरळ बोलू. शिपाईमामांचा तो दुष्टपणा नसतो. पाणी नसते, म्हणून घाण होते, घाण होते म्हणून कुलूप. शहराच्या बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही. भारतीय मानकाप्रमाणे दिवसाच्या शाळेला दर विद्यार्थ्यामागे रोज ४५ लिटर पाणी धरायचे असते. चारशे मुलांना १८,००० लिटर. हा आकडा ऐकूनच मुख्याध्यापक हात टेकतात. पण काटकसरीचा हिशेब वेगळा आहे. चारशे मुले एकेकदा लघवीला गेली आणि मागे एक-एक लिटर पाणी ओतले तर ४०० लिटर. चाळीस मुलांना शौचाला पाच-पाच लिटर, म्हणजे २००. दोनदा हात धुवायला अर्धा-अर्धा लिटर, ४००. फरशी धुवायला १००. पिण्यासाठी माणशी पाऊण लिटर, ३००. एकूण १,४०० लिटर रोज. चार दिवसांना ५,६०० लिटर, म्हणजे सहा हजार लिटरची साठवण. एवढी टाकी बहुतेक शाळांना परवडते किंवा आधीच असते.

चूक होते ती टाकी एकच असण्यात. बोअरचे क्षारयुक्त पाणी आणि नळाचे गोडे पाणी एकाच टाकीत सोडले की पिण्याचे पाणी बिघडते आणि क्षार बसून सहा महिन्यांत नळही जाम होतात. दोन टाक्या, दोन वेगळे पाइप, दोन वेगळे रंग. बोअर फक्त संडासाला. आणि गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी मे महिन्यात कोणी पिणार नाही इतके गरम पाणी देते, त्यातले क्लोरीनही लवकर उडते. तिच्यावर शेडनेट टाका किंवा पांढरा रंग द्या. पिण्याचे पाणी सकाळी मातीच्या तोटीच्या माठांत उतरवून घ्या. माठ वर्षादोन वर्षांनी बदला, कारण जुन्या माठाची छिद्रे बुजली की तो गार करत नाही.

क्लोरीनचे माप : चांगली, म्हणजे ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, हजार लिटर स्वच्छ पाण्याला अडीच ग्रॅम. दोन हजारच्या टाकीला पाच ग्रॅम, काट्यावर तोलून. पावडर थेट टाकीत भिरकावू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुन्याचा साका खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी टाकीत ओता आणि तासभर थांबा. मग ओटी चाचणी, म्हणजे थोडे पाणी नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, आला नाही तर पावडर जुनी आहे किंवा टाकी घाण आहे. उघड्या पोत्यातली पावडर उन्हाने आणि दमटपणाने मरते, म्हणून वर्षाची एकदम घेऊन ठेवू नका. तपासलेले पाणी फेकून द्या, ते रसायन पोटात जाऊ नये. साठवण चार दिवसांची असेल तर चाचणी रोज सकाळी, कारण क्लोरीन दिवसागणिक कमी होते. आणि एक गोष्ट सफाई करणाऱ्या प्रत्येकाला समोर बसवून सांगा : संडास धुवायचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायचे नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात माणूस गुदमरतो.

आरओ बसवला की प्रश्न सुटला असे समजणाऱ्या शाळा आणि कार्यालये खूप आहेत. आरओ क्लोरीनही काढून टाकतो. मग ते पाणी कुलरच्या टाकीत दोन दिवस उभे राहिले आणि टाकी महिनोन् महिने उघडलीच नाही तर जंतूंना अडवणारे त्यात काही नसते. कुलरची टाकी पंधरवड्याला घासायची आणि तोटीचे तोंड रोज पुसायचे. फिल्टर बदलल्याची तारीख यंत्रावर चिकटवलेली नसेल तर तो बदललेला नाही असेच धरा.

संडासाच्या आत काय हवे? मुलांच्या हाताला पोहोचेल अशी कडी. दप्तर, ओढणी टांगायला खुंटी. बादली आणि मग. दिवा. मोठ्या मुलींच्या संडासात झाकणाची कचरापेटी आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचे असते, आणि पेटी नसली की ते भांड्यात जाते, भांडे तुंबते आणि मग ‘मुलींना वापरता येत नाही’ म्हणून पुन्हा कुलूप. दरवाजा मुलांच्या मैदानाकडे उघडत असेल तर समोर आडोशाची भिंत. यादी छोटी आहे, पण यातले एक नसले तरी मुलगी जात नाही. शिक्षण हक्क कायद्याने नेमलेल्या शालेय व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. समितीतल्या बायकांनीच महिन्यातून एकदा आत जाऊन कडी लावून बघावी. सभेत कागदावर सही करून हे कळत नाही.

आता कारखाने.

गिरणगावच्या या शहरात आता मोठ्या गिरण्या नाहीत. काम यंत्रमागाच्या शेडमध्ये, गारमेंटच्या मजल्यांवर आणि घराघरांत आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने पिण्याच्या पाण्याची जागा मुतारी, संडास, उघडे गटार यांपासून सहा मीटर दूर असावी, तिथे कामगारांना समजेल अशा भाषेत फलक असावा आणि अडीचशेहून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी थंड करून द्यावे, असे सांगून ठेवले. नव्या कामगार संहितेतही शुद्ध पाणी आणि स्त्री-पुरुषांची वेगळी स्वच्छतागृहे ही जबाबदारी मालकाचीच आहे. संडासाचे रुळलेले प्रमाण दर पंचवीस स्त्रियांमागे एक. ‘समजेल अशा भाषेत’ याचा अर्थ सोलापुरात मराठी एकटी नव्हे. पूर्व भागात तेलुगू हवी, कुठे कन्नड, कुठे उर्दू. दहाच्या आत कामगार असलेल्या शेडला यातले बरेचसे लागू होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. मूत्रपिंडाला कामगारसंख्या कळत नाही, एवढेच म्हणणे आहे.

उष्ण शेडमध्ये प्यायचे प्रमाण आहे दर वीस मिनिटांनी एक पेला, साधारण २०० मिलिलिटर. तासाला ६०० मिलिलिटर, आठ तासांत पावणेपाच लिटर. चाळीस माणसांच्या शेडला एका पाळीत जवळपास दोनशे लिटर लागते, म्हणजे वीस लिटरचे दहा जार. दोन जार ठेवून ‘पाण्याची सोय केली आहे’ म्हणणाऱ्याने माणशी एक लिटर दिले. पाळी बारा तासांची असेल तर हिशेब आपणच करा. एकदम लिटरभर ढोसून फायदा नाही, पोट जड होते आणि बरेचसे पाणी लघवीवाटे निघून जाते. तासाला दीड लिटरच्या वर तर पिऊच नये. नुसतेच पाणी भरपूर पिऊन मीठ न मिळाल्याने पायात गोळे येतात, डोके दुखते, मळमळते. म्हणून जास्त घाम येणाऱ्यांना दुपारी एकदा मीठ घातलेले ताक किंवा लिंबू-साखर-मीठ. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाणी-मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापात, बहुतेक एक लिटर पाण्यात, पूर्ण घालायची. पेल्यात अख्खी पुडी ओतली तर ती खारट होऊन उलट त्रास देते. कालवलेले चोवीस तासांनी फेकायचे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानात खोक्यातून मिळणारी गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांना ते नाव वापरायला मनाई केली आहे.

मागाच्या शेडची एक खास अडचण आहे. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून दमटपणा राखतात. पंखा लावला तर तंतू उडतात, म्हणून पंखे बंद. दमट आणि स्थिर हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर गार होत नाही. त्यामुळे बाहेर ३८ अंश असले तरी शेडमधला माणूस ४२ च्या उन्हातल्यासारखा थकू शकतो. इथे उघडा पेला चालत नाही, त्यात तंतू पडतात. झाकणाची लिटरची बाटली प्रत्येकाला, नावासकट. आणि तोंडात मावा धरलेला माणूस पाणी पीत नाही, हेही लक्षात असू द्या. मावा सोडवणे हा वेगळा आणि लांबचा विषय आहे.

पण बाटली दिली तरी विणकर प्यायचा नाही, कारण त्याच्याकडे दोन-चार माग असतात आणि तो मुतारीला गेला असताना धागा तुटला तर कापडात दोष येतो, पैसे कापले जातात. यावर उपाय जोडीचा : शेजारच्या दोघांनी एकमेकांचे माग पाच मिनिटे बघायचे, आणि त्या पाच मिनिटांतल्या दोषाची कपात कोणाकडूनच करायची नाही. दुसरे वाक्य नसेल तर पहिले चालत नाही.

गारमेंटमध्ये नगावर मजुरी. तिथे उठणे म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे देणे. कामाचा वेळ मोजणाऱ्या अभियंत्यांच्या तक्त्यांत वैयक्तिक गरजांसाठी पुरुषांना पाच आणि स्त्रियांना सात टक्के वेळ धरण्याची पद्धत जुनी आहे. आठ तासांचे सात टक्के म्हणजे चौतीस मिनिटे. आपला नगाचा दर ठरवताना ही मिनिटे धरली आहेत का, एवढे आपल्या सुपरवायझरला विचारा. धरली नसतील तर दर तेवढा वाढवा. मग ‘जा’ असे सांगावे लागणार नाही, बायका आपल्या आपण जातील. किती वेळा गेली याची वही ठेवणे, टोकन देणे, मुतारी वॉचमनच्या खोलीसमोर असणे, हे प्रकार आजच बंद करण्यासारखे आहेत. पैसे वाया जातील असे वाटत असेल तर मे महिन्यात पाळीच्या शेवटच्या दोन तासांतले दोष वेगळे मोजून बघा आणि पहिल्या दोन तासांशी ताडून पाहा. आकडे आपल्याच वहीतले असतील.

नवीन किंवा गावाहून आठवड्याभराच्या सुट्टीनंतर परतलेल्या कामगाराला पहिल्या दिवशी उष्ण जागी पूर्ण काम देऊ नका. शरीर उष्णतेला रुळायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा, मग रोज तेवढाच वाढवत न्यावा. कोणी बडबडू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापले, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका : सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते.

विडी कारखानदारांना वेगळे लिहावे लागते, कारण त्यांचा कारखाना म्हणजे कामगार बाईचे घर. कुंभारीच्या घरकुलापासून शहरातल्या पेठांपर्यंत बाई मांडी घालून बसते, पान कापते, तंबाखू भरते, दोरा गुंडाळते. हजाराचा आकडा गाठायचा असतो, विड्या टाकायला जायची वेळ ठरलेली असते. उठले की हात धुवा, परत या, पान सुकलेले असते. म्हणून ती पाणी टाळते. हाताला लागणाऱ्या तंबाखूतून आणि तंबाखूच्या धुळीतून निकोटिन त्वचेतून आणि श्वासातून अंगात जाते. मळमळ, डोकेदुखी त्याचीही असते आणि पाणी कमी पडल्याचीही. त्याच हाताने पेला धरला तर तंबाखू तोंडात. घरात करण्यासारखे एवढेच : पाने भिजवायचे भांडे आणि पिण्याचे भांडे कायमचे वेगळे, तोटीचा माठ, साबण हाताशी, दर दोनशे विड्यांनंतर उठणे, हात धुणे, एक पेला पाणी. दोनशेवर उठले की पायही मोकळे होतात. पण हे बाईवर सोडू नका. माल घेण्याची वेळ एक तास लांबवली, विड्या बाद करण्याचा निकष लेखी लावला, तर तिच्या दिवसात ती दहा मिनिटे येतात. माल टाकायला आलेल्या बायका जिथे रांगेत तासभर उभ्या असतात तिथे सावली, पाणी आणि बायकांचा संडास हवा. ती जागा आपल्याच आवारात आहे.

घरच्यांसाठी फार नाही. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरते, गडद झाला तर कमी पडते. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने तो पिवळाजर्द होतो, त्याला घाबरू नका. जळजळ, ताप, लघवीत रक्त, पाठीत एका बाजूला कळ यांत घरगुती उपाय करत बसू नका. सरकारी रुग्णालयात लघवी तपासून घ्या, गरोदर बाईची तर त्याच दिवशी. आजी-आजोबा रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळी पाणी बंद करतात. त्यांना बंद करायला सांगण्यापेक्षा दिवसभराचे पाणी सहाच्या आत पोटात जाईल असे बघा, आणि संडासापर्यंतच्या वाटेवर दिवा लावा. साठवलेल्या पिंपांना झाकण, आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून काठ घासणे. डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटून राहतात आणि कोरडी झाली तरी काही महिने जिवंत असतात. नुसते पाणी ओतून ती जात नाहीत.

महापालिकेकडे तीन मागण्या. शाळांच्या भागात पाण्याचा दिवस आणि वेळ आठवडाभर आधी लेखी कळवा, म्हणजे टाकी भरायला माणूस हजर राहील. क्लोरीनची चाचणी जलकुंभाजवळ करता तशी वितरणाच्या शेवटच्या टोकाच्या नळावर करा आणि शाळेचा नळ त्यात धरा. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली क्लोरीन आले तर त्याच दिवशी शाळेला फोन. तिसरे म्हणजे बाजारांत आणि रस्त्यांवर बसणाऱ्या भाजीवाल्या, फुलवाल्या बायकांसाठी असलेली स्वच्छतागृहे बाजार उठेपर्यंत उघडी ठेवा. त्या पहाटे येतात, रात्री जातात. त्यांच्यासाठी ना शाळेची समिती आहे ना कारखान्याचा कायदा.

गुढीपाडव्याच्या आत प्रत्येक शाळेने आणि कारखान्याने तीन आकडे फलकावर लिहावेत : चालू नळ किती, कडी लागणारे आणि पाणी असलेले संडास किती, आणि एका माणसाला किंवा मुलाला दिवसात न विचारता उठता येतील अशी मिनिटे किती. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना विनंती एकच. सकाळी दहाला जाऊ नका, त्या वेळी सगळीकडे टाक्या भरलेल्या आणि फरशा ओल्या असतात. दुपारी अडीचला जा, आणि बायकांच्या संडासाची तपासणी महिला अधिकाऱ्यांकडूनच करून घ्या.

आपले,
सोलापुरात शालेय आरोग्य, कामगार आरोग्य आणि पाणी-स्वच्छतेचे काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ